खालची कवळी का टिकत नाही? आणि दात काढण्याआधी काय ठरवावं

कातळ

"वरची छान बसली, खालची मात्र तोंडात पोहते." नवी कवळी घेतलेल्यांची ही सर्रास तक्रार. राग निघतो डॉक्टरवर, नाहीतर कवळी बनवणाऱ्यावर. कधी चूक त्यांचीही असते. पण बऱ्याचदा मूळ गोष्ट जबड्याच्या घडणीत असते, आणि ती दात काढण्याआधी समजली तर पुढची दहा-वीस वर्षं सोपी जातात. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी भर घालावी.

वरच्या कवळीला टेकायला अख्खा टाळू मिळतो. लाळेचा पातळ थर कवळीला टाळूशी धरून ठेवतो, कडेनं ओठ आणि गाल तिला झाकून घेतात, हवा आत शिरत नाही. खालच्या कवळीच्या वाट्याला येते घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी. तिचं क्षेत्रफळ वरच्याच्या साधारण निम्मं, आणि मधोमध जीभ, जी बोलताना, गिळताना, साधा आवंढा गिळतानासुद्धा हलते.

त्यात हाड झिजतं. दात निघाला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते हळूहळू शोषून घेतं. पहिल्या वर्षात हा वेग सर्वांत जास्त, नंतर मंद, पण थांबत कधीच नाही. दंतसंशोधक टॉलग्रेन यांनी १९७२ साली कवळी वापरणाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या एक्स-रेंची तुलना प्रसिद्ध केली. तीत समोरच्या भागात खालचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेलं दिसलं. म्हणजे जागा आधीच कमी, आणि तीच जास्त वेगानं खचते.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खालचे दोन सुळे वाचवणे. सुळ्याचं मूळ तोंडातल्या सगळ्या दातांत लांब असतं. बाकीचे हलायला लागले तरी ते बरेचदा तग धरून असतात. दोन्ही सुळ्यांचं रूट कॅनाल करायचं, हिरडीच्या वर एक-दोन मिलिमीटर ठेवून बाकीचा भाग कापायचा, माथा गोल घुमटासारखा करून बुजवायचा आणि कवळी त्यावरून बसवायची. मूळ जिवंत हाडात राहतं म्हणून त्या भागातलं हाड टिकतं, आणि आपण किती जोरानं चावतोय याचा अंदाजही राहतो. सुळा खूप हलत असेल किंवा मुळाभोवती निम्म्याहून कमी हाड उरलं असेल तर मात्र हे करू नये.

अट एकच आणि ती कडक आहे: ते दोन खुंट रोज मऊ ब्रशनं घासायचे, आणि सकाळी कवळी बसवताना तिच्या आतल्या त्या दोन खळग्यांत फ्लोराइड जेलचा एकेक थेंब टाकायचा. कवळीखाली लाळ नीट फिरत नाही, त्यामुळे हयगय झाली की कीड लागून वर्ष-दोन वर्षांत खुंट जातात.

"सगळेच काढून टाका, एकदाची कटकट मिटवा" असं पेशंट म्हणतो, कधी घरचे म्हणतात. हे म्हणण्याआधी एवढं एक विचारून घ्या: खालचे सुळे ठेवता येतील का?

पिंपळपान

फार उपयोगी. दोन प्रश्न. एक, दात काढल्यावर किती दिवसांनी कवळीचं माप द्यावं? दोन, बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दात काढण्याआधी त्या बंद करायच्या का? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

औषधपेटी

दुसऱ्याचं उत्तर देते. स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका. अँजिओप्लास्टीनंतरची अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल दात काढायच्या भीतीनं थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि तो धोका हिरडीतून थोडं जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. हिरडीचं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं.

रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल चालू असेल तर आदल्या दिवशीचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) रिपोर्ट घेऊन जा. साधारण ३.५ पर्यंत असेल तर एक-दोन दात गोळी चालू ठेवून काढतात. त्याहून जास्त असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं होतं, दातांची तारीख पुढे जाते.

मधुमेह असेल तर सकाळची वेळ घ्या. नाश्ता करून, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जा. उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन दंतवैद्याच्या खुर्चीत बसलं की साखर घसरते.

आता जे लोक सांगायचंच विसरतात ते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅमची अ‍ॅलेंड्रोनेट गोळी, वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाइन किंवा दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन दिलं जातं. ही "रोजची गोळी" नसल्यामुळे औषधांच्या यादीत ती येत नाही. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला हा धोका कमी आहे, कॅन्सरसाठी दर महिन्याला दिल्या जाणाऱ्या डोसला बराच जास्त. पहिल्या दोन औषधांचा अंश हाडात वर्षानुवर्षं राहतो, त्यामुळे चार दिवस गोळी थांबवून काही साधत नाही. डेनोसुमॅबचं इंजेक्शन तर परस्पर लांबवूच नका, त्यानं मणक्याची हाडं मोडण्याची भीती असते. शक्य असेल तर हे औषध सुरू होण्याआधीच तोंड तपासून खराब दातांचा निकाल लावावा.

दात काढल्यावर कापसाचा बोळा ३० ते ४५ मिनिटं घट्ट दाबून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही. पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉनं पिणं नाही, विडी-तंबाखू नाही. खड्ड्यात जी रक्ताची गाठ तयार होते तीच त्याचं झाकण. ती निघाली की दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो आणि तोंडाला वास येतो. ती दुखी नुसत्या गोळ्यांनी दबत नाही. खड्डा धुऊन आत औषधाची पट्टी भरून घ्यावी लागते.

कातळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. साधारण सहा ते आठ आठवडे थांबून माप घेतात, तीन महिने थांबता आलं तर उत्तम. तोवर जखम भरते आणि हाडाची सुरुवातीची झीज होऊन जाते.

मधल्या काळात बोळक्या तोंडानं हिंडायचं नसेल तर तात्काळ कवळीचा मार्ग आहे. दात असतानाच माप घेऊन ती बनवतात आणि दात काढल्या काढल्या त्याच बैठकीत बसवतात. ती पहिले २४ तास काढायची नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरच काढतात. घरी काढली तर सूज येते आणि परत बसत नाही. ही कवळी तीन ते सहा महिन्यांत सैल होणारच. तिचा तळ नव्यानं भरावा लागतो किंवा दुसरी करावी लागते. हा खर्च आधीच धरून चाला, म्हणजे फसवल्यासारखं वाटणार नाही.

"वय झालं की दात जायचेच" हा समजही सोडायला हवा. दात जातात ते हिरड्यांच्या आजारानं आणि मुळांच्या किडीनं. हिरडी खाली सरकली की मूळ उघडं पडतं, आणि मुळावर दाताच्या वरच्या भागासारखं टणक आवरण नसतं, म्हणून तिथे कीड फार लवकर शिरते. मिश्री रोज दोन-तीनदा बोटानं चोळली की हिरडी सरकायला मदतच होते. सुपारीनं दाढा सपाट झिजतात, आणि वर्षानुवर्षं सुपारी खाल्ली तर गालाची आतली कातडी ताठर होते. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. अशा तोंडात मापाचा नेहमीचा ट्रे जातच नाही, ट्रेचे दोन तुकडे करून माप घ्यावं लागतं.

मुळाची कीड लागलेला दात म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाचा असेल आणि ड्रिलिंग सोसणार नसेल तर ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड विचारा. कीड कोरडी करून त्यावर एक थेंब चोळतात, मिनिटभराचं काम. कीड थांबते, पण तो भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाताला काय फरक पडतो? पुढच्या दाताला लावायचं तर आधी घरात बोलून घ्या.

मेणकाम

लॅबच्या बाजूनं लिहितो. चांगली कवळी पाच फेऱ्यांत होते, त्यापुढे घासून घेण्याच्या दोन-तीन. "दोन फेऱ्यांत कवळी" म्हटलं की कुठली तरी पायरी गाळलेली असते, आणि बहुतेकदा ती कडा घेण्याची असते.

पहिल्या फेरीत ढोबळ माप. त्यावरून त्या माणसापुरता खास ट्रे बनतो. दुसऱ्या फेरीत त्या ट्रेच्या कडेला हिरव्या कांडीचं कंपाउंड ज्योतीवर मऊ करून लावतात आणि गाल ओढून, जीभ बाहेर काढायला लावून, गिळायला लावून कडांना आकार घेतात. मग आत पेस्ट भरून बारीक माप. खालची कवळी टिकते ती या कडांवर. जिभेच्या बाजूची कड आखूड राहिली किंवा अक्कलदाढेच्या मागचा नासपतीच्या आकाराचा मऊ उंचवटा झाकला गेला नाही, की कवळी उचलली जाणारच.

अल्जिनेटचं (पाण्यात कालवून तोंडात घट्ट होऊ देतात त्या पावडरचं) ढोबळ माप असेल तर त्यात दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर ओतलं पाहिजे. ते पाणी सोडतं आणि आकसतं. उन्हातून तासभर गाडीवर फिरून आलेलं माप लॅबमध्ये पोचतं तेव्हा ते त्या तोंडाचं उरलेलं नसतं.

तिसऱ्या फेरीत मेणाच्या भिंती तोंडात ठेवून चाव्याची उंची ठरते. सैल बसलेलं असताना वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. उंची जास्त झाली तर बोलताना दात टकटक वाजतात, जबडा अवघडतो, संध्याकाळपर्यंत हिरड्यांची आग होते. कमी झाली तर हनुवटी नाकाकडे जाते, ओठांचे कोपरे कायम ओले राहून चिरतात. कोपरे चिरले की लोक बी-कॉम्प्लेक्स खात बसतात. कवळी जुनी असेल तर आधी तिची उंची तपासून घ्यावी.

चौथी फेरी मेणात बसवलेल्या दातांची, आणि हीच तुमच्या हातातली फेरी आहे. मेणात सगळं बदलता येतं, एकदा मेणाचं कडक प्लास्टिक म्हणजे अ‍ॅक्रेलिक झालं की काही नाही. घरचं एक माणूस बरोबर न्या. आरसा खिडकीच्या उजेडात धरा. आणि साठच्या घरातले आकडे मोठ्यानं म्हणायला लावा: एकसष्ट, बासष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. "स" म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ यावेत पण लागू नयेत. सहासष्टला खट्ट वाजलं तर उंची जास्त आहे. दुसरी चाचणी वरच्या पुढच्या दातांची. त्यांची धार खालच्या ओठाला हलकेच लागली पाहिजे. मराठी "फळ" बरेच जण दोन्ही ओठ मिटून म्हणतात, त्यात हे कळत नाही. "कॉफी", "ऑफिस" म्हणायला लावा.

रंगाबद्दल एवढंच. सत्तरीच्या चेहऱ्यावर पांढरेशुभ्र दात लांबूनच कवळी म्हणून ओळखू येतात. तरुणपणीचा हसतानाचा फोटो असेल तर तो लॅबला पाठवा, दातांची ठेवण त्यावरून घेता येते.

भाजताना घाई झाली की काय होतं तेही सांगतो. नेहमीच्या अ‍ॅक्रेलिकला ७४ अंशांवर आठ-नऊ तास, किंवा ७४ वर दोनेक तास आणि मग उकळत्या पाण्यात एक तास असं ठेवतात. एकदम उकळत्या पाण्यात टाकलं तर आतलं द्रव उकळून बुडबुडे राहतात. कवळी उजेडासमोर धरा. जाड भागात पांढरट टिपके दिसले तर ते हेच. तिथे घाण साठते, तिथूनच ती मोडते. आणि साचा गरम असतानाच उघडला तर कवळी वाकते.

पिंपळपान

@मेणकाम, साठच्या आकड्यांची गंमत लक्षात राहील. वरची कवळी बरोबर मधोमध मोडते, जोडून आणली तरी पुन्हा तिथेच मोडते, असं का?

मेणकाम

कारण दोन्ही बाजूचं हाड झिजलेलं असतं आणि टाळूच्या मधला कडक भाग तसाच राहिलेला असतो. कवळी त्या मधल्या उंचवट्यावर पाळण्यासारखी झुलते, आणि चावताना दर घासाला वाकून वाकून मधे तडकते. नुसती जोडून उपयोग नाही. जोडल्यावर तळ नव्यानं भरून घ्या.

घरी झटपट चिकटणारा गोंद मात्र लावू नका. त्याचा थर तुकड्यांमध्ये कडक होऊन बसतो, मग ते तुकडे एकमेकांत तंतोतंत बसत नाहीत आणि आमच्याकडेही सरळ जोडता येत नाही. सगळे तुकडे, अगदी नखाएवढा कणसुद्धा, ओल्या कपड्यात गुंडाळून आणा.

कातळ

इम्प्लांटबद्दल (जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूंबद्दल) व्यनितून, म्हणजे खासगी निरोपातून, विचारणा आल्या, इथेच लिहितो. स्वीडनमध्ये संशोधक ब्रॅनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तेव्हापासूनचा हा अनुभव आहे. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असं मत दिलं की खालच्या बोळक्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा. दोनच, आणि खालीच. वरच्या जबड्याला साधी कवळी बहुतेकांना पुरते.

दोन इम्प्लांट खालच्या सुळ्यांच्या जागी बसतात. तिथलं हाड सहसा शेवटपर्यंत टिकून असतं. हाडानं स्क्रू घट्ट धरायला साधारण तीन महिने जातात. मग त्यांच्या माथ्यावर बटणं, आणि कवळीच्या आतून नायलॉनच्या टोप्या. टिचकी बटणासारखी कवळी बसते. त्या टोप्या झिजतात, साधारण वर्षभरात बदलाव्या लागतात. खर्च विचारताना "टोपी बदलायचे किती?" हेही विचारा. बीडी-तंबाखू चालू असेल किंवा साखर कायम वाढलेली असेल तर इम्प्लांट पकडण्याची शक्यता घटते, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही तरी लक्षात ठेवा.

आणि एक, जे चुकून मज्जातंतूचा आजार समजलं जातं. खालचं हाड फार झिजलं की खालच्या ओठाला जाणारी नस जिथून बाहेर येते ते भोक जबड्याच्या माथ्यावर येतं. कवळी त्यावर दाबली की ओठात विजेसारखी कळ जाते, नाहीतर हनुवटी बधिर होते. तिथे कवळी आतून खोल करून द्यावी लागते, तेवढ्यानं कळ जाते.

गुरगुट्या_भात

जेवणाबद्दल. दात गेले की माणूस चहा-बिस्किटं, दूध-पाव, साखर घातलेला शिरा यांवर येतो. पोट भरतं, पण प्रथिनं जातात. सहा महिन्यांत दंड उतरतात आणि मग सगळे म्हणतात वयामुळे.

मऊ म्हणजे निव्वळ पातळ असं समजू नये. गुरगुट्या भात करायचा तर एक वाटी तांदळाला पाव ते अर्धी वाटी मुगाची डाळ त्याच कुकरमध्ये घाला, सहा-सात वाट्या पाणी, वर तूप आणि मेतकूट. हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या ताकात, नाचणीची आंबील, कोकण-गोव्याकडची पेज, पिठलं पातळसर, अंडं घट्ट न उकडता ऑम्लेट करून रश्श्यात. पोळीचा कुस्करा वरणात पाच मिनिटं झाकून ठेवला की नुसत्या हिरडीनंही खाता येतो. भाकरी गरम असतानाच दुधात किंवा आमटीत मोडायची, गार झाल्यावर तिच्या कडा टोचतात. शेंगदाणे बंद करायची गरज नाही. बारीक कूट भाजीत, ताकात घाला.

नवी कवळी आली की पहिल्या आठवड्यात याच क्रमानं चढायचं: आधी भात-वरण, मग कुस्करलेली पोळी, मग शिजवलेली भाजी लहान तुकडे करून. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. पेरू, सफरचंद, कणीस पुढून चावलं की कवळी मागून उचलते. घास लहान, आणि दोन्ही बाजूंच्या दाढांत वाटून चावायचा. एका बाजूनं चावलं की दुसरी बाजू वर येते. कवळीनं चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढाच असतो, त्यामुळे वेळ लागणारच. घरच्यांनी ताट लवकर उचलू नये.

तीळ, खसखस, पेरू-वांग्याच्या बिया कवळीखाली शिरल्या की खडा टोचावा तशा टोचतात. संक्रांतीला तिळगूळ द्यायचाच तर तीळ भाजून मिक्सरला फिरवून मऊ लाडू करा. चिक्कीचा पाक मात्र कवळीच उपटतो.

आणखी एक सांभाळायचं: टाळू झाकला गेला की तोंडात किती गरम आहे ते नीट कळत नाही. चहा-आमटी ओठाला लावून बघूनच घ्या, नाहीतर घसा भाजतो.

सांजवात

अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसराळूपणाचा आजार असलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी लिहिते.

रात्री कवळी काढा. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीच्या घरात दिसला. कवळीवर जमलेले जंतू झोपेत लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात.

काढल्यावर बेसिनमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी भरून किंवा टॉवेल अंथरून त्यावरच धुवा. हातातून सटकली तर फरशीवर तुकडे होतात. मऊ ब्रश आणि भांडी घासायचं पातळ साबणाचं पाणी पुरे. टूथपेस्टनं बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशी धरते. ब्लीचनं कवळी पांढरी पडते, तारा असतील तर गंजतात. गरम पाण्यानं ती वाकते. रात्रभर साध्या गार पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी ठेवू नका.

टाळू कवळीच्याच आकारात लाल झाला असेल तर ती बुरशी आहे. क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही लावायचं, दिवसातून तीन-चार वेळा, साधारण दोन आठवडे. फक्त टाळूला लावलं तर कवळीतली बुरशी परत येते.

तोंडात कवळी नसली तरी हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू पुसायची. बोटाला ओलं गॉज गुंडाळून, माणसाला बसतं करून किंवा मान एका कुशीला वळवून. आडवं ठेवून तोंडात पाणी घालू नका. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा चट्टा, पांढरा-लाल डाग किंवा गाठ दिसली तर "कवळी लागली असेल" म्हणून थांबू नका, विशेषतः तंबाखू-सुपारीची सवय असेल तर.

दवाखान्यात दाखल करताना कवळी झाकणाच्या डबीत, डबीवर नाव. टिश्यूत गुंडाळून जेवणाच्या ताटात ठेवलेल्या कवळ्या ताटाबरोबर कचऱ्यात जातात. नवी करताना लॅबला सांगून कवळीतच नाव घालून घ्या.

आणि विसराळूपणा असेल तर पूर्ण नवी, वेगळ्या आकाराची कवळी करू नका. तोंडाला नवं वळण लागत नाही. जुन्या सवयीच्या कवळीचीच नक्कल करून, तळ आणि झिजलेले दात तेवढे सुधारून घेता येतात. त्यासाठी जुनी कवळी फेकू नका.

औषधपेटी

सांजवात यांच्या बुरशीच्या मुद्द्याला जोडून एक इशारा. मायकोनॅझोलचं तोंडात लावायचं जेल वॉरफरिनबरोबर वापरू नका. थोडं पोटात गेलं तरी आयएनआर भलताच वाढतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बुरशीचं कुठलंही औषध विचारूनच घ्या.

तोंड कोरडं पडणं हेही बघा. अमिट्रिप्टिलीन, लघवी रोखायची ऑक्सिब्युटिनिन, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, लघवी जास्त व्हायच्या बीपीच्या गोळ्या, या सगळ्यांनी लाळ आटते. लाळ नाही तर वरची कवळीही धरत नाही आणि उरलेल्या दातांची मुळं किडतात. बसवण्याआधी कवळी ओली करा, घोटघोट पाणी प्या, डॉक्टरांकडे गोळी बदलून मिळते का विचारा. आंबट गोळ्या चघळून लाळ आणू नका, दात असतील तर ते झिजतात.

अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन या बीपीच्या गोळ्या आणि फिटांची फेनिटॉइन यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. हिरडी दातावर चढतेय असं वाटलं तर गोळ्यांची यादी दंतवैद्यालाही दाखवा.

पिंपळपान

चिकटवायची क्रीम वापरावी की नाही? आणि पैशांची अडचण असेल तर कुठे जावं?

कातळ

क्रीम वापरायला हरकत नाही, पण बरोबर बसलेल्या कवळीला आधार म्हणून. झिंक नसलेली घ्या. धुतलेल्या, पुसलेल्या कवळीवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. बाहेर ओघळली तर जास्त झाली. महिन्याला ट्यूब संपत असेल तर कवळी सैल आहे, तळ भरून घ्या. खालच्या कवळीत लाळ साठते म्हणून क्रीम लवकर वाहून जाते. तिथे जिभेची सवय जास्त कामाची: जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना आतून टेकलेलं ठेवायचं. जीभ मागे ओढली की कवळीची आतली कड उघडी पडते आणि ती उठते. वर्तमानपत्र रोज पंधरा-वीस मिनिटं मोठ्यानं वाचायचं, जीभ तिथेच ठेवून. तीन-चार आठवड्यांत फरक पडतो.

कमी खर्चात व्हायचं असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. फेऱ्या जास्त होतात, कारण विद्यार्थी प्रत्येक पायरी शिक्षकांना दाखवून पुढे जातात. पण म्हणूनच पायऱ्या गाळल्या जात नाहीत. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही ६० वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना द्यायच्या साधनांत कवळीचा समावेश आहे. शिबिराची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा.

पिंपळपान

शेवटचा. शनिवारी कवळी मिळाली, रविवारी एका जागी टोचून फोड आला. सोमवारपर्यंत काय करायचं?

कातळ

काढून ठेवा. पाण्यात. कोमट मिठाच्या पाण्यानं दिवसातून चार वेळा चुळा भरा. कानस, ब्लेड, नेलकटर काहीही लावू नका. टोचतंय तिथेच दोष असतो असं नाही, कधी पलीकडच्या बाजूचा एक दात उंच असल्यानं कवळी इकडे दाबते.

सोमवारी दवाखान्यात जायच्या तीन-चार तास आधी मात्र घाला, दुखलं तरी. तोंडात लाल खूण ताजी असली तर डॉक्टर तिच्यावर पेन्सिल लावून कवळी दाबतात, खूण आतून कवळीवर उमटते आणि नेमकं तेवढंच घासता येतं. दोन दिवस काढून ठेवून गेलात तर फोड उतरलेला असतो आणि अंदाजानं घासावं लागतं. जुनी कवळी असेल तर तीही बरोबर न्या.